निरोगी नमुना

सिग्नल हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडून गेली, सिग्नल पुन्हा लाल झाला, आणि दादा जागचा हलला नाही. प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी ती हातमोजे काढत उभी होती. खाली सहज नजर गेली तेव्हा आधी तिला गंमतच वाटली, की हा आज इकडे कुठे? मग दुसऱ्यांदा हिरवा झाला. बाबागाडी ढकलणारी एक बाई त्याला वळसा घालून पुढे गेली, मागून येणाऱ्या एकाचा खांदा त्याला लागला, तो माणूस वळून काहीतरी बोललासुद्धा. दादा फुटपाथच्या कडेला, दोन्ही हात जाकिटाच्या खिशात खुपसून, समोरच्या दिव्याकडे बघत तसाच उभा. आणि दादा शहराची बस चालवतो. आयुष्यभर ज्याने दुसरं काही केलं नाही, दिवा लाल की थांबायचं आणि हिरवा की निघायचं, तो माणूस हिरव्या दिव्याकडे असा बघत होता, जणू त्याचा अर्थ त्याला कोणीतरी सांगायला हवा होता. हातमोजा अर्धा बोटांतच अडकलेला, तशीच ती जिन्याकडे धावली. खाली पोचेपर्यंत फुटपाथवर कोणीच नव्हतं.

संध्याकाळी तिने फोन केला. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"दादा, आज दुपारी आमच्या ऑफिसपाशी आला होतास का रे?"

"मी? छे. सुट्टी होती, घरीच लोळत होतो. का गं?"

"काही नाही. तुझ्यासारखा कोणीतरी दिसला."

"माझ्यासारखा देखणा? या शहरात? डोळे तपासून घे खारू."

ती हसली. लहानपणी हातात येईल ते कुठेतरी लपवून ठेवायची म्हणून घरात तिचं नाव खारूताई पडलं होतं, आणि या वयात तिला त्या नावाने हाक मारणारा दादा एकटाच उरला होता. फोन ठेवल्यावर मात्र हसू गालावर तसंच ताठून राहिलं. एक तर तो खोटं बोलत होता, नाहीतर त्याला आठवत नव्हतं. दादाला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं. लहानपणी तो खोटं बोलायला लागला की कान लाल व्हायचे. फोनवर कान दिसत नाहीत. ती अंधारायला लागलेल्या खोलीत दिवा न लावता बसली आणि मनातल्या मनात त्याचं वय मोजत राहिली, जसं काही मोजल्याने ते कमी होणार होतं. आईला सुरुवात झाली ते वय दादाने केव्हाच मागे टाकलं होतं. त्या वाढदिवसाला तिने मनाशी म्हटलं होतं, सुटला. आणि लगेच, स्वतःचीच लाज वाटावी असा, किंचित हेवाही वाटला होता, कारण ती त्याच्या मागून त्याच वयाकडे चालत येत होती.

आई पोहायला शिकवायची. शहराच्या तलावावर, निळ्या फरशांच्या त्या मोठ्या हौदाच्या काठावर, गळ्यात शिट्टी अडकवून. अर्ध्या गावाच्या मुलांना तिने पाण्यात ढकललं होतं, आणि प्रत्येकाला तीच दोन वाक्यं: पाण्याशी भांडू नकोस, पाणी तुला धरतंय. तिच्या केसांना कायम क्लोरीनचा वास. त्या दिवशी शाळा सुटल्यावर दादा आणि ती तलावावर गेली तेव्हा शिकवणी संपली होती, मुलं निघून गेली होती, आणि आई उथळ भागात, जेमतेम छातीभर पाण्यात, काठाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. "आई, चल ना." आईने मान हलवली. पुन्हा हाक मारली तेव्हा तिने दांडा आणखी घट्ट धरला आणि हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "खाली जमीन आहे का?" दादा कपड्यांसकट पाण्यात उतरला. आईची बोटं त्याला एकेक करून सोडवावी लागली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, थकली असेल, होतं असं, परवा मीच छत्री विसरून आलो. त्यानंतर बाबा कितीतरी दिवस छत्र्याच विसरत राहिले. आईने चहात मीठ घातलं की बाबा म्हणायचे, बरं लागतंय. आईने सकाळचा प्रश्न दुपारी पुन्हा विचारला की बाबा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायचे. शेवटी आईला जेव्हा स्वतःहून संशय यायला लागला, आणि ती बाबांचं तोंड दोन्ही हातांत धरून विचारायची, "मला काहीतरी होतंय का हो?", तेव्हाही बाबा म्हणायचे, "कुठे काय? तू अगदी बरोबर आहेस." दाराआड उभी राहून ती हे ऐकायची. आजारापेक्षा तिला त्या उत्तराची भीती जास्त वाटायची. एवढ्या मोठ्या पाण्यात आईला एकटीला सोडून सगळे काठावरून हात हलवताहेत असं वाटायचं.

लोकांना वाटायचं, आईसाठी ती विस्मृतीच्या आजारावरच्या संशोधनाकडे वळली. खरं तर ती भीतीपोटी वळली होती. ज्या घरातून दगड येतात त्याच घरात जाऊन राहावं, म्हणजे निदान केव्हा येतात ते तरी कळेल, असा काहीसा तो हिशेब. मेंदूतल्या पेशीच्या पातळ कातडीत एक प्रथिन दोऱ्यासारखं रोवलेलं असतं, थोडं आत, बरंचसं बाहेर. ते कापणारी एन्झाइम्स आहेत. एक बाहेरून कापतं. मग उरलेला तुकडा दुसरं एन्झाइम त्या कातडीच्या आतच धरतं आणि थोडा थोडा करून तासत जातं, आणि पुरता आखूड झाला की सोडून देतं. हे सगळ्यांच्याच डोक्यात होतं, तान्ह्या मुलाच्याही. आखूड तुकडे वाहून जातात. पण आईच्या माहेरच्या माणसांत त्या दुसऱ्या एन्झाइमच्या घडणीतच एक अक्षर चुकलेलं होतं. हात सैल असलेल्या कारागिरासारखं ते तासायचं काम अर्ध्यावर टाकून तुकडा लवकर सोडून द्यायचं. लांब राहिलेले ते तुकडे चिकट. एकमेकांना धरतात, गोळे होतात, वर्षानुवर्षं साचत जातात, माणूस हसत असतो, मुलांना पोहायला शिकवत असतो, तेव्हाही साचतच असतात. आजोबा, मावशी, मग आई. मुलांत निम्मी शक्यता. ते एन्झाइमच बंद पाडणारं औषधही निघालं होतं. त्या काळी प्रयोगशाळेत लोक जिन्यावरून शीळ घालत यायचे. मग बातमी आली, की औषध घेणाऱ्यांचं डोकं सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडलं. त्या एन्झाइमला दुसरीही कामं होती, ती बंद पडली होती. एवढं सगळं समजून घेऊन हातात काय होतं? कळणं होतं फक्त. आणि तेच तिने आणि दादाने नाकारलं होतं. बाबा गेले त्या आठवड्यात, रिकाम्या घरातली कपाटं आवरताना दादा म्हणाला होता, "आपण दोघांनी तपासायचं नाही. ठरलं?" ती म्हणाली, "ठरलं." आईच्या दंडाच्या कातडीपासून वाढवलेल्या पेशी तिच्याच प्रयोगशाळेत शीतपेटीत होत्या. स्वतःच्या पेशींकडे मात्र तिने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पुढच्या दिवसांत ती एकदा त्याच्या बसमध्ये बसली. मुद्दाम, त्याच्या मागच्याच सीटवर. तो गाडी सुरेख चालवत होता. ब्रेक असा लावत होता की उभ्या म्हाताऱ्याच्या हातातली पिशवीसुद्धा झुलू नये. तरी प्रत्येक वळणावर ती समोरचा दांडा घट्ट धरत होती. मागे माणसं डुलक्या घेत होती, एक मुलगी खिडकीच्या काचेवर बोटाने चित्र काढत होती, आणि या सगळ्यांच्या वतीने आपण एकटीच जागी आहोत असं तिला वाटत होतं. कोणाला सांगायचं? डेपोच्या साहेबाला? की माझा भाऊ एका दुपारी रस्त्याच्या कडेला उभा होता हो, त्याच्या हातातून गाडी काढून घ्या? तेवढ्यात दादाने वरच्या आरशात तिला पाहिलं. हात करेल, डोळे मिचकावेल, काहीतरी चावटपणा करेल असं तिला वाटलं. त्याने नजर चुकवली.

मग रविवारी ती त्याच्याकडे जेवायला गेली. वहिनीने दार उघडलं. आत चिमणी, दादाची लेक, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिला दिवस गेले होते, ही बातमी तेव्हा ताजीच होती. "आत्या, तू आजोळच्या आजीसारखी रडायला लागू नकोस हं," चिमणी म्हणाली, आणि सगळे हसले. पण जेवताना तिचं लक्ष दादावरून हलेना. तो गप्प होता. दादा जेवताना कधी गप्प नसतो. एकदा तो "अगं खारू, मी काय म्हणतो..." असं म्हणाला आणि थांबला; सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तर म्हणाला, "जाऊ दे, विसरलो." वहिनी पटकन म्हणाली, "होतं असं." बाबांचेच शब्द! मग तो उठून स्वयंपाकघरात गेला, बराच वेळ नळ चालू राहिला, आणि तो रिकाम्या हाताने परत आला. दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. डोळे असे, की ओळखीच्या माणसाकडे कोणी असं बघत नाही. म्हणजे याला आपण कोण हे क्षणभर कळलं नाही की काय? टेबल आवरताना त्याचा चमचा तिने कागदी रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. हे आपण किती सहज केलं, याचं तिला घरी जाताना नवल वाटलं. ठरलं होतं ते ती एकटीने मोडत होती. पण बसमध्ये माणसं असतात, असं ती स्वतःला समजावत होती. आणि खोलवर कुठेतरी, त्याच्या आधी, असंही होतं, की ही अशी भीती आणखी एक आठवडासुद्धा आपल्याच्याने झेपणार नाही.

दुसऱ्या दिवशी कसलीशी सुट्टी होती. दुपारी प्रयोगशाळेत शीतपेट्यांची घरघर सोडली तर चिटपाखरू नव्हतं. तिने चमच्यावरून नमुना काढला. अशा तपासणीत शेजारी दोन नमुने लावावे लागतात, एक आजाराचा आणि एक निरोगी, म्हणजे मधला कोणासारखा ते कळतं. आजाराचा म्हणून आईच्या पेशी होत्या. निरोगी नमुन्याची नळी संपलेली होती. एरवी शेजारच्या टेबलावरचा मदतनीस हसत हसत स्वतःचा गाल पुढे करायचा, आज तो नव्हता. तिने शिकाऊ असल्यापासूनच्या सवयीने कापसाची काडी घेतली, स्वतःच्या गालाच्या आतून फिरवली, आणि पुढच्या कामाला लागली. दादाचं काय निघेल, एवढंच डोक्यात. नळ्या यंत्रात गेल्या, मग ते चुकलेलं अक्षर जिथे असेल तिथेच कापणारं आणखी एक एन्झाइम तिने त्यांत सोडलं, मग पारदर्शक जेलीच्या खाचांत तिन्ही नमुने भरून वीज सुरू केली. अक्षर बरोबर असेल तर एक पट्टा. चुकलेलं असेल तर तुकडे पडून खाली आणखी दोन. दिवा लावून ती वाकली. पहिली आई: तीन पट्टे. दुसरा दादा: एक. एकच, ठळक, स्वच्छ. ती मोठ्याने "सुटला!" म्हणाली, रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकून दचकली, आणि मग तिसऱ्या रांगेकडे तिचं लक्ष गेलं. तीन पट्टे. हे कसं? निरोगी नमुन्यात तीन पट्टे कसे? कोणाचा घेतला होता आपण? हा प्रश्न तिने स्वतःला अगदी शांतपणे, एखाद्या विद्यार्थिनीला विचारावा तसा विचारला. आणि गालाच्या आत, काडी फिरली होती तिथे, एकदम थंड वाटलं.

किती वेळ ती त्या जांभळ्या उजेडासमोर उभी होती कोणास ठाऊक. नळ्यांची अदलाबदल झाली असेल. होतं असं. घाईत दादाची खाच तिला आणि तिची दादाला गेली असेल. क्षणभर जीव हलका झाला. पण अदलाबदल झाली असेल तर तीन पट्टे दादाचे. चिमणीच्या बापाचे. म्हणजे तिला सुटायचं असेल तर दादाला बुडवावं लागत होतं, आणि दादा सुटायला हवा असेल तर... तिला काय मागावं तेच कळेना. दोघांतल्या एकात ते चुकलेलं अक्षर होतं, नक्की होतं, आणि कोणात ते ठरवायला तिच्याच गालाचा आणखी एक नमुना पुरेसा होता. काड्यांची पुडी हाताशी होती. हात उठेना. आणि त्या सगळ्याखाली आणखी एक भीती, जिच्याकडे ती बघत नव्हती: इतकी वर्षं जे जिवापाड टाळलं ते आपण आज करून बसलो, आणि करताना आठवलंसुद्धा नाही. हा निष्काळजीपणा होता, की हीच सुरुवात होती? ज्या डोक्याने हे ठरवायचं त्याच डोक्यावर विश्वास ठेवायचा का, हाच तर प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून निरोप आला, की कोणी भेटायला आलंय. दादा होता. बसचालकाच्या गणवेशात, टोपी हातात. ती त्याला कँटीनमध्ये घेऊन गेली, कोपऱ्यातल्या टेबलाशी. त्याने कॉफी घेतली आणि साखर ढवळत बसला. कान लालभडक.

"मी तुझ्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "त्या दिवशी तो मीच होतो. त्याआधीही येऊन गेलो होतो. रस्ता ओलांडायचं धाडसच होत नव्हतं. रविवारी घरीसुद्धा तोंडापर्यंत आलं होतं."

"काय?"

"चिमणीने धरणंच धरलं गं. म्हणाली, बाबा, माझ्या बाळाचं मला कळायला हवं, तुम्ही तपासून घ्या. आपलं ठरलं होतं ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ते तुमचं ठरलं होतं, माझं कुठे?" त्याने चमचा खाली ठेवला. "हॉस्पिटलात जाऊन आलो. मला नाहीये. मी निसटलो, खारू." आणि हे बोलताना त्याचा चेहरा असा झाला, की त्याने कोणाच्या तरी घरून काही उचलून आणलं असावं. "तुला कसं सांगू तेच कळेना. सांगितलं की तू स्वतःचा विचार करणार. माझं सुटणं म्हणजे काही तुझं... तसं काही नसतं ना? एकाला नाही म्हणजे दुसऱ्याला असतंच असं?"

"नसतं," ती म्हणाली. "त्याचा याच्याशी काही संबंध नसतो."

आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं. चमचा, बस, सुट्टीची दुपार, तीन रांगा. अदलाबदलीच्या आशेपर्यंत ती आली तेव्हा स्वतःच थांबली, कारण ती आशा त्याने आत्ताच, कॉफी ढवळता ढवळता, काढून घेतली होती. दादाने टेबलावरून हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं.

"पुन्हा तपासू," तो म्हणाला. "हॉस्पिटलात. नीट. मी येतो बरोबर."

"तपासू." मग ती म्हणाली, "दादा, मला फार भीती वाटते रे." हे वाक्य त्यांच्या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. आईने नाही, बाबांनी नाही. म्हटल्यावर काही कोसळलं नाही. शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुर्ची सरकवली, एवढंच. "एक कर. बाबांनी आईला केलं तसं मला करू नकोस. मी चुकायला लागले की मला तोंडावर सांग. खोटं बोलून माझी समजूत घालू नकोस."

"सांगेन," दादा म्हणाला.

तो काउंटरकडे जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आला. ती पाणी पीत राहिली. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. तिला चिमणीच्या होणाऱ्या बाळाचा विचार आला: त्याच्या कोवळ्या डोक्यातही ती एन्झाइम्स आपलं काम सुरू करतील, कापतील, तासतील, आणि पुरतं आखूड झालं की सोडून देतील, नीट, वेळेवर. बरं वाटलं. मग आईच्या हातांचा विचार आला, दांड्यावरून एकेक करून सोडवलेल्या त्या बोटांचा, आणि वाटलं, आईला त्या क्षणी कोणीतरी सांगायला हवं होतं, की आहे, खाली जमीन आहे, पण तुझं काहीतरी हरवायला लागलंय आणि आम्ही इथे आहोत. दोन्ही सांगायला हवं होतं. वहिनी चांगली आहे, पण ती "होतं असं" म्हणेल. कामावरचे लोक बघून न बघितल्यासारखं करतील. राहता राहिला दादा. त्याला तेवढं बजावून ठेवलं पाहिजे. हे सुचल्यावर तिला एकदम हुशारी आली, ग्लास खाली ठेवून ती पुढे झुकली.

"दादा, एक कर. बाबांनी आईला केलं तसं मला करू नकोस. मी चुकायला लागले की मला तोंडावर सांग."

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ "सांगेन" म्हणायला उघडलेसुद्धा, आणि त्या क्षणात त्याचा चेहरा इतका बाबांसारखा दिसला, तसाच मायाळू, तसाच पळपुटा, की ती बघतच राहिली. मग तो चेहरा मोडला. त्याने तिचं मनगट पुन्हा घट्ट धरलं, आणि डोळे न चुकवता म्हणाला,

"खारू, हे तू मला आत्ताच सांगितलंस. मी पाणी आणायला गेलो त्याच्याआधी. मी हो म्हणालो होतो."